मार्कामागे तीन मिनिटं

"पेपर पुरा होत नाही" असं दहावीतल्या कुणी म्हटलं की घरात, शाळेत, शिकवणीत एकच उत्तर मिळतं: हात चालव, भरभर लिही. मलाही तेच सांगितलं गेलं होतं. पण नववीत असताना मी गावातल्या एका दृष्टिहीन ताईची लेखनिक म्हणून तिच्या एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटक बोर्डाच्या दहावीच्या, परीक्षेला बसले, आणि परीक्षेतला वेळ नेमका कुठं जातो ते मला पहिल्यांदा दिसलं. एरवी प्रश्न वाचणं, उत्तर आठवणं, वाक्य जुळवणं आणि लिहिणं ही सगळी कामं एकाच डोक्यात चालतात. कुठल्या कामानं किती वेळ खाल्ला याचा पत्ता लागत नाही. आमच्या बाबतीत ती कामं दोघींत वाटली गेली होती. वाचणं आणि लिहिणं माझ्याकडं, आठवणं आणि सांगणं तिच्याकडं. कुणी अडलं की ते अडणं सरळ ऐकू यायचं.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, नंदगडच्या बाजूला. ताई माझ्याहून मोठी. लहानपणी बेळगावच्या अंधशाळेत राहून ती ब्रेल शिकली आणि हायस्कूलला परत गावी आली, कारण तिला दहावी मराठी माध्यमातूनच करायची होती. मराठी पुस्तकं ब्रेलमध्ये हाताशी नव्हती, म्हणून तिचा भाऊ धडे मोठ्यानं वाचून मोबाइलवर रेकॉर्ड करायचा आणि ती ते ऐकत घरची कामं करायची. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना गणित आणि विज्ञानाऐवजी दुसरे विषय घ्यायची मुभा असते. तिनं समाजशास्त्र आणि राज्यशास्त्र घेतलं होतं. बाकी सगळं आमच्यासारखंच: पहिली भाषा मराठी, मग इंग्रजी, कन्नड आणि समाज विज्ञान.

लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणून नववीतली मुलगी हवी होती. अक्षर सुवाच्य असलेली, आणि रोज संध्याकाळी तिच्या घरी येऊ शकणारी. मुख्याध्यापकांनी आमच्या घरी निरोप धाडला तेव्हा आई काळजीत पडली. ताईचे मार्क कमी आले तर बोल माझ्या पोरीवर येईल, असं तिला वाटत होतं. ताई स्वतः घरी आली आणि आईला म्हणाली, "काकू, पेपर माझा आहे. मार्कं पण माझी. ही फक्त हात देणार." त्यावर आईनं होकार दिला. मग डॉक्टरांचा दाखला, माझं शाळेचं ओळखपत्र, फोटो, अर्ज, बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसच्या खेपा हे सगळं ताईच्या भावानं निस्तरलं.

केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लेखनिक घेणाऱ्या परीक्षार्थीला तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात. या सूचना ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांसाठी होत्या. सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये एका निकालात सांगितलं की ज्याला लिहायलाच त्रास होतो त्याला, ४० टक्क्यांचा दाखला नसला तरी, लेखनिक नाकारता येणार नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे. आमच्याकडं अजून पुष्कळ पालकांना वाटतं की लेखनिक फक्त पूर्ण आंधळ्या मुलालाच मिळतो. हाताला कंप असलेली, अपघातात बोटं गेलेली मुलं कशीबशी स्वतःच लिहीत बसतात.

आता हिशेब. समाज विज्ञानाचा लेखी पेपर ८० मार्कांचा. एकूण सव्वातीन तास, त्यातली पहिली १५ मिनिटं प्रश्नपत्रिका वाचायला. म्हणजे लिहायला १८० मिनिटं. ताईला तीन तासांचे ६० मिनिटं जादा धरले तर २४० मिनिटं. २४० भागिले ८०, मार्कामागे बरोबर तीन मिनिटं. चार मार्कांच्या प्रश्नाला १२ मिनिटं, तीन मार्कांना ९, दोनला ६. पहिल्यांदा हे गणित मांडलं तेव्हा आम्हा तिघांनाही वाटलं, एवढा वेळ म्हणजे चंगळच झाली.

बोर्डाच्या वेबसाइटवर नमुना प्रश्नपत्रिका असतात. त्यातली एक छापून आणली आणि ताईच्या घरच्या सोप्यात (ओसरीवर) पूर्ण चार तासांचा सराव पेपर घेतला. भाऊ पर्यवेक्षक. त्यानं मोबाइल मध्ये ठेवून सगळं रेकॉर्ड केलं. चार तास संपले तेव्हा पेपर अजून शिल्लक होता, आणि तोही सोप्यातला सोपा भाग, एका मार्काचे प्रश्न.

दुसऱ्या दिवशी ते रेकॉर्डिंग आम्ही बसून ऐकलं. ज्यांना पेपर पुरत नाही त्यांनी एकदा तरी असं काही करून बघावं असं मला मनापासून वाटतं. माझ्या पेनचा आवाज त्यात होता, पण फार थोडा. भावानं वहीत रकाने पाडले: वाचन, गप्प, सांगणं, लिहिणं, खोडणं. भरपूर वेळ ज्यात गेला ते रकाने लिहिण्याचे नव्हतेच. "परत वाच." "थांब." "ते वाक्य असं नको, खोड." "नाही, राहू दे तसंच." "कितवा प्रश्न होता?" अशा बारक्या बारक्या थांब्यांत तासभर सहज गेला होता. हात कितीही भरभर चालला असता तरी त्या तासातलं एक मिनिट परत मिळालं नसतं.

आणि एक उत्तर होतं, ज्याच्यावर ताई आणि मी नंतर कितीतरी वेळ बोललो. प्रश्न कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णानं इंग्रजांविरुद्ध केलेल्या बंडाचा, चार मार्कांचा. आमच्या भागात रायण्णा पुस्तकातून शिकावा लागत नाही. त्याला नंदगडला फाशी दिली, तिथंच समाधी, तिथंच वड. जाता-येता लहानपणापासून ऐकलेलं. ताईनं १८२४ पासून सुरुवात केली. कित्तूरवर चालून आलेला कलेक्टर थॅकरे कसा मारला गेला, मग चन्नम्मा राणीला बैलहोंगलच्या किल्ल्यात कसं कैदेत ठेवलं, ती तिथंच १८२९ ला कशी वारली, रायण्णानं माणसं कशी जमवली, गनिमी काव्यानं सरकारी कचेऱ्या कशा जाळल्या, शेवटी दगा देऊन त्याला कसं पकडलं, १८३१ ला फाशी. एकही वाक्य चुकीचं नव्हतं. सांगताना तिचा आवाजसुद्धा बदलला होता. ठरलेल्या १२ मिनिटांच्या दुप्पट वेळ त्या एका उत्तराला लागला.

जे येत नाही ते उत्तर वेळ खात नाही, ते आपण सोडून पुढं जातो. वेळ खातं ते सगळ्यात चांगलं येणारं उत्तर. हे मला त्या रेकॉर्डिंगमधून कळलं आणि त्यानंतर वर्गातल्या हुशार मुलींचे पेपर का अपुरे राहतात याचाही उलगडा झाला. त्यांना पहिल्याच पानावर आवडता प्रश्न भेटलेला असतो.

तपासनीसांकडं उत्तरांचं जे पत्रक असतं त्यात मुद्द्याला अर्धा किंवा एक मार्क धरलेला असतो. चार मार्कांच्या जागेवर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं तरी चारच पडतात. हे ताईला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं वेगळं आणि रायण्णाला सात-आठ ओळींत बसवणं वेगळं. "असं कापून टाकायचं म्हणजे जिवावर येतंय गे," ती म्हणाली. मग तिनंच उपाय काढला. उत्तर सुरू करायच्या आधी ती मुद्द्यांची संख्या सांगायची: "सहा मुद्दे." मी समासात बारीक आकडे घालत जायचे. सहावा झाला की ती "पुढचा" म्हणायची, मग वाक्य कितीही सुंदर सुचत असलं तरी. अजून काही सांगायचंच असेल तर उत्तराखाली तीन ओळी कोऱ्या सोडायच्या आणि शेवटच्या अर्ध्या तासात वेळ राहिला तर परत यायचं. कोऱ्या ओळी सोडल्या आहेत म्हटल्यावर तिला ते उत्तर सोडून पुढं जाणं जमायला लागलं.

"परत वाच" वर आम्हाला जास्त झगडावं लागलं. डोळस माणूस लिहिता लिहिता प्रश्नाकडं कितीदा नजर टाकतो हे त्याचं त्यालाही कळत नाही. ताईला तसं बघता येत नव्हतं. तिला प्रश्न कानात धरून ठेवावा लागायचा. चार ओळींचा प्रश्न असला की दुसऱ्या मुद्द्यापाशी मूळ विचारलं काय होतं हेच निसटायचं, आणि मी परत सगळा वाचायचे. यावर आम्ही असं ठरवलं: मी आधी नुसता नंबर आणि मार्क सांगायचे. "चौतीस. चार मार्क." मग प्रश्न एकदाच, सावकाश. त्यानंतर ताई तो प्रश्न स्वतःच्या शब्दांत एका ओळीत मला परत सांगायची: "म्हणजे कारणं विचारलीत, परिणाम नाही." तेवढं झालं की उत्तर सुरू. या एका सवयीनं परत वाचणं जवळजवळ बंद झालं. शिवाय कारणं विचारलेली असताना परिणाम सांगत बसणं, जे आमच्या वर्गात नेहमीचं, तेही थांबलं.

मग श्वास. ताई बोलायची भराभर, मी मागं पडायचे, "काय म्हणालीस?" विचारायचे, आणि तेवढ्यात तिचं पुढचं वाक्य विरून जायचं. एकदा विरलेलं वाक्य परत तसंच येत नाही. नवीन जुळवायला पुन्हा वेळ. शेवटी तिनं पाच-सहा शब्दांचा घास ठरवला. तेवढं बोलून थांबायचं, मी लिहून झालं की "हं" म्हणायचं. माझ्या "हं" च्या आत तिचा पुढचा घास तयार व्हायचा. सुरुवातीला हे फार कृत्रिम वाटलं. मग कधीतरी डिसेंबरात, कुठल्या दिवशी ते सांगता येणार नाही, पण आमची लय बसली. तिच्या श्वासावरून मला कळायला लागलं की वाक्य संपतंय की अजून आहे.

वाचायच्या १५ मिनिटांचं काय करायचं हाही प्रश्नच होता. आख्खी प्रश्नपत्रिका मोठ्यानं वाचायला जवळपास तेवढीच मिनिटं लागतात. नुसतं ऐकून काय लक्षात राहणार? इथं तिची ब्रेल पाटी कामाला आली. पाटीत जाड कागद अडकवलेला, हातात टोकदार पिन. मी वाचत जायचे आणि ती कागदावर टोचत जायची, उजवीकडून डावीकडं, कारण कागद उलटला की उठलेले ठिपके डावीकडून उजवीकडं वाचायचे असतात. सगळे नंबर ती टोचायची नाही. जे पक्कं येतंय त्याला काहीच नाही. ज्याला आठवावं लागेल त्याचा फक्त नंबर. जे बहुतेक येणार नाही त्याच्या नंबरापुढं एक रेघ. वाचन संपायचं तेव्हा तिच्या बोटांखाली सगळा पेपर असायचा, आणि कुठल्या प्रश्नावर पहिल्या दीड तासात अजिबात थांबायचं नाही हे ठरलेलं असायचं.

समाज विज्ञानात नकाशाचा प्रश्न असतो. त्याच्याखाली फक्त दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी वेगळा पर्यायी प्रश्न छापलेला असतो. तो वाचायला विसरणं लेखनिकाला परवडणारं नाही, म्हणून मी पेपर हातात आल्याबरोबर आधी तोच शोधायचे.

मोठे प्रश्न आधी की छोटे आधी, यावर शाळेत प्रत्येकाचं ठाम मत असतं. आम्ही दोन्ही करून पाहिलं. डोळस विद्यार्थ्याला एका मार्काचा पर्यायी प्रश्न अर्ध्या मिनिटात सुटतो. आमच्याकडं प्रश्न वाचायचा, चारही पर्याय वाचायचे, तिला दोन पर्यायांत शंका आली तर ते परत वाचायचे. एका मार्काला तीन मिनिटं सहज. आमच्यासाठी छोटे प्रश्नच महाग होते. म्हणून समाज विज्ञानात आम्ही चार आणि तीन मार्कांचे आधी घेतले, मग दोनचे, शेवटी एकचे. मराठीच्या पेपरात उलटं केलं. व्याकरण ताईला कानानं पक्कं येत होतं, ते आधी. निबंध आणि पत्र मधल्या तासात, कारण अडीच-तीन तास बोलल्यावर घसा बसतो आणि बसलेल्या घशानं निबंध सांगवत नाही. माझं मत विचाराल तर क्रम कुठलाही चालतो. तो घरी ठरलेला असावा एवढंच. परीक्षेच्या खोलीत क्रमावर विचार करणं म्हणजे दोन-तीन मार्कांचा वेळ फुकट घालवणं आहे.

कन्नडचा पेपर मात्र या सगळ्याहून निराळा निघाला. अंधशाळेत राहिल्यामुळं ताईचं कन्नड बोलणं अस्खलित होतं. माझं कन्नड लिहिणं मराठीच्या निम्म्या वेगानं. म्हणजे इथं अडणारा भाग पहिल्यांदाच खरोखर हात होता. मराठी माध्यमाच्या आमच्या बऱ्याच मुलांचं हेच होतं: बाजारात, बसमध्ये कन्नड बोलतात, पण कागदावर जोडाक्षरं आणि ओत्तक्षरं (अक्षराखाली जोडून लिहायची व्यंजनं) यायला वेळ लागतो. त्यावर युक्ती कसली नाही. मी रोज संध्याकाळी जायच्या आधी कन्नड पुस्तकातलं एक पान नुसतं उतरवून काढायला लागले. ताई म्हणाली होती, "समजून घेऊ नको, नुसता हात वळू दे." फेब्रुवारीपर्यंत वेग बऱ्यापैकी वाढला. "भरभर लिही" हा सल्ला जिथं लागू पडतो अशी ही एवढीच जागा मला सापडली, आणि तिथंही तो महिन्यांआधी लागू पडतो, परीक्षेच्या दिवशी नाही.

केंद्र खानापूरला. आम्हाला वेगळी खोली, प्रयोगशाळेची, लांब टेबलाची. पर्यवेक्षक सर कन्नड बोलणारे. त्यांनी ब्रेल पाटी उलटसुलट करून पाहिली, पिन पाहिली, ताईचं घड्याळ पाहिलं. ते ब्रेल घड्याळ होतं: काच झाकणासारखी उघडते, काटे आणि आकड्यांच्या जागचे ठिपके बोटानं चाचपायचे, बाराच्या जागी तीन ठिपके. ताईनं त्यांना कन्नडमधून सगळं समजावून सांगितलं, आम्ही "हं" कशासाठी म्हणतो तेही. त्यांनी ऐकून घेतलं आणि टेबलाजवळ खुर्ची ओढून बसले.

घड्याळाबाबतही आमचं ठरलेलं होतं. सारखं चाचपायचं नाही. समाज विज्ञानाच्या पेपरात ती एक विभाग संपला की काच उघडायची, काट्यावरून अंगठा फिरवायची, आणि मनाशी धरलेल्या वेळेशी ताडून बघायची. पहिला तास संपेपर्यंत चोवीस मार्कांचं झालं पाहिजे, दुसरा संपेपर्यंत अठ्ठेचाळीस. मागं असलो तर ती एका उत्तराचे मुद्दे कमी करायची. पुढं असलो तर काहीच करायची नाही, कारण पुढं आहोत म्हणून लांबवलेलं उत्तर नंतर भारी पडतं हे सरावात अनुभवलेलं होतं.

त्या खोलीत मला सगळ्यात जड गेलं ते गप्प बसणं. चार महिने तिचे धडे ऐकून ऐकून मला दहावीचं समाज विज्ञान बरंचसं पाठ झालं होतं. एका उत्तरात तिचा एक मुद्दा राहिला. मला तो ठाऊक होता. तिनं "पुढचा" म्हटलं आणि मी पुढचा प्रश्न वाचला. लेखनिकानं सुचवायचं नसतं, चेहऱ्यानं नाही, आवाजाच्या चढउतारानंही नाही. माझा "हं" सुद्धा रोजच्यासारखाच यायला हवा होता. त्या कोऱ्या सोडलेल्या ओळींमुळं मला धीर होता. शेवटी फेरवाचनात मी उत्तर जसंच्या तसं वाचून दाखवलं, आणि तिला तिचा मुद्दा तिचा तिनंच आठवला.

आता जादा तासाबद्दल, कारण तो कसा असतो हे बाहेरच्या कुणालाच माहीत नसतं. सव्वातीन तासांनी घंटा होते. आख्खी शाळा उठते. बाकं सरकतात, व्हरांड्यातून शंभर पावलं जातात, फाटकाबाहेर टेंपो आणि मोटरसायकली. आणि आमच्या खिडकीखाली पोरं उभी राहून पेपर पडताळायला लागतात. "बावीसचं काय लिवलंस?" "सी होतं की ते." ताईचं सगळं काम कानावर चालणारं, तिला तो आवाज वगळता येत नव्हता. ऐकलेलं उत्तर बरोबर असो की चूक, ते डोक्यात शिरलं की तिचं स्वतःचं उत्तर डळमळायचं. पहिल्याच पेपराला हा प्रकार झाला तेव्हा सरांनी उठून खिडक्या लावल्या आणि बाहेर जाऊन मुलांना हटकलं, तरी पाच-सात मिनिटं गेलीच.

त्यावर तिनं लगेच पुढच्या पेपरापासून आखणी बदलली. घंटेच्या आधी जे आठवून सांगायचं आहे ते सगळं सांगून संपवायचं. घंटा झाली की पाणी प्यायचं, मी बोटं मोकळी करायची, शाळा रिकामी होईपर्यंत काहीही नवीन सुरू करायचं नाही. त्यानंतरचा वेळ पर्यायी प्रश्नांना, कोऱ्या ओळींना आणि फेरवाचनाला. कागदावर तासाला २० मिनिटं असं सरळ दिसतं. प्रत्यक्षात शेवटचा तास पहिल्या तासाएवढा किमतीचा नसतो, तेव्हा घसा, बोटं आणि डोकं तिन्ही थकलेली असतात. त्यामुळं मार्कामागे तीन मिनिटं हा हिशेबसुद्धा आम्ही नंतर असा केला: घंटेपर्यंत मार्कामागे अडीच, आणि घंटेनंतरचा सगळा वेळ पर्यायी प्रश्नांना आणि दुरुस्तीला. समाज विज्ञानाचा पेपर या आखणीनं वेळेच्या आधी हातावेगळा झाला, आणि शेवटची दहा मिनिटं ताई नुसती आपले टोचलेले नंबर बोटानं एकेक तपासत होती, काही राहिलंय का म्हणून. काही राहिलं नव्हतं. तिला फर्स्ट क्लास मिळाला.

पुढच्या वर्षी मी दहावीला बसले तेव्हा माझ्याजवळ ८० मार्कांना १८० मिनिटं होती, म्हणजे मार्कामागे सव्वादोन. ताईच्या जवळपास सगळ्या सवयी मी उचलल्या. प्रश्न स्वतःच्या शब्दांत मनात एकदा म्हणायचा. उत्तराआधी मुद्द्यांची संख्या ठरवायची आणि समासात पेन्सिलनं घालायची. ओळी सोडून पुढं जायचं. गणितात तर या कोऱ्या ओळींनी मला फार सांभाळलं, कारण उत्तर जुळेना झालं की तिथंच बसून राहायचा मोह गणितात सगळ्यात मोठा असतो, आणि पायऱ्यांना मार्क असतात, शेवटच्या आकड्यासाठी पाच मिनिटं घालण्यात अर्थ नसतो. सराव पेपर मी मनातल्या मनात सोडवायच्या ऐवजी मोठ्यानं बोलत, मोबाइलवर रेकॉर्ड करत सोडवले. कुठं गप्प होते ते नंतर ऐकलं. प्रत्येकाची गप्प होण्याची जागा निराळी असते. माझी उत्तराच्या पहिल्या वाक्यापाशी होती. म्हणून मी पहिलं वाक्य नेहमी प्रश्नातल्याच शब्दांनी करायचं ठरवलं, ते शोधत बसायचं नाही.

एक गोष्ट मला शाळांना आणि पालकांना कळकळीनं सांगायची आहे. लेखनिक जर परीक्षा घेणाऱ्यांकडूनच मिळणार असेल तर परीक्षेआधी दोन दिवस त्याला भेटता यावं, असं त्या २०१८ च्या सूचनांत आहे. दोन दिवसांत आवाज ओळखीचा होतो, अक्षर कसं आहे ते कळतं. पाच-सहा शब्दांचा घास, "हं", कोऱ्या ओळी, घंटेनंतर काय करायचं, यातलं काहीही दोन दिवसांत बसत नाही. आम्हाला चार महिने मिळाले ते केवळ मुख्याध्यापकांनी दिवाळीच्या आधीच नाव नक्की केलं म्हणून. आमच्याच तालुक्यात असे विद्यार्थी आहेत ज्यांचा लेखनिक परीक्षेच्या तोंडावर ठरतो. त्यांना जादा तास मिळतो, पण तो तास एकमेकांना समजून घेण्यातच जातो आणि मार्कांत काही उतरत नाही. वर्गात असं मूल असेल तर नववीतल्या दोघांना तरी जुलै-ऑगस्टमध्ये विचारून ठेवावं. एक आजारी पडला तर दुसरा तयार असतो. कागदपत्रं डिसेंबरच्या आत पुरी करावीत. आणि पूर्ण चार तासांचे सराव पेपर महिन्याला एक तरी, शक्य तर त्याच वेळेला, शाळा सुटल्यावरच्या गोंगाटात घ्यावेत.

यंदा शेजारच्या गावातल्या एका मुलाला लेखनिक लागणार आहे. तो इंग्रजी आणि कन्नड दोन्हीत कच्चा आहे, पण समाज विज्ञान त्याला मनापासून आवडतं, म्हणजे रायण्णाचा प्रश्न आला की तोही थांबणार नाही. त्याच्या लेखनिकासाठी ताईनं आमचं ते पहिलं रेकॉर्डिंग काढून ठेवलंय. दोघांना पुढच्या रविवारी तिच्या घरी बोलावलंय.